भिंतीची सोयरीक

मी खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकिणीनं एका कंपनीच्या माणसाला शेळीकडून नापास करून घालवून दिलं होतं. खोटं सांगत नाही! पाथर्डीच्या एस.टी.तून नगरला उतरले, पत्र्याची ट्रंक सावरत, विचारत विचारत तिच्या दारात पोचले, तर अंगणात टाय बांधलेला एक घामाघूम गृहस्थ उभा. त्याच्या समोर घमेलंभर पेंड, आणि घमेल्याकडे पाठ करून उभी असलेली एक काळी शेळी.

"बघा, तिनं तोंड फिरवलं," घरमालकीण म्हणाली.

"अहो बाई, पण ही पेंड गाईम्हशींसाठी आहे."

"शेळी गावातलं सगळं खाती. परवा माज्या जावयाचा टावेल खाल्लाय तिनं. ती तुमची पेंड खात न्हाई, मग मी भिंत कशी द्यावी? उद्या कुनी वाचून घेतली तर तळतळाट मला लागंल."

तो बिचारा घमेलं उचलून चालता झाला. मी ट्रंक हातात घेऊन तशीच उभी. हिच्या घरात राहायचं?

भिंतीचं प्रकरण असं होतं. तिच्या घराची एक बाजू थेट पाथर्डी रस्त्यावर यायची. एस.टी. तिथं वळण घ्यायला हळू व्हायची, त्यामुळे गाडीतल्या प्रत्येकाला ती भिंत वाचल्याशिवाय गत्यंतर नसे. दंतमंजनवाले, खतवाले, चहावाले, सगळ्यांचा जाहिरात रंगवायला त्या भिंतीवर डोळा. आणि हिचा नियम एकच, की जे आधी घरात वापरून बघितलं नाही ते भिंतीवर लागणार नाही. त्यामुळे भिंत बहुतेक कोरीच असायची. शेजारपाजारचे लोक कपाळाला हात लावायचे. चार पैसे चालून येतात आणि ही बाई शेळीला विचारते!

मला खोली देताना तिनं जात विचारली नाही, डिपॉझिट विचारलं नाही. विचारलं काय, तर, "कुठं कामाला लागलीस?"

"एमआयडीसीत. स्टोव्हच्या कारखान्यात. मराठी टायपिस्ट."

"मग घरात स्टोव्हच असंल तुज्या."

"नाही काकू. मी टेंपररी आहे. स्टोव्ह पर्मनंट लोकांना मिळतो, दिवाळीला."

हे सांगताना माझा चेहरा पडला असणार. नव्या कोऱ्या खोक्यातला तो निळा स्टोव्ह मला फार आवडायचा. ती माझ्याकडे बघून नुसती हसली आणि किल्ली दिली. 

सकाळी अंगणात बाजेवर बसून ती पेपर वाचायची, मोठ्यानं. माहेर राजूरकडचं, डोंगरातलं, शाळा बेताची. पण नवऱ्याचा भुसारचा धंदा होता आणि त्याचे डोळे अधू झाल्यावर रोज बाजारभाव वाचून दाखवायचं काम हिच्याकडे आलं. नवरा गेला, वाचन राहिलं. पहिलं पान ती उघडायचीच नाही. "पुढारी रोज येकच बोलत्यात, कंपन्या रोज नवं बोलत्यात," असं तिचं म्हणणं. आणि मग त्या धंद्याच्या पानावर जी काही टीका चालायची! एखाद्या कंपनीची घोडदौड छापून आली की म्हणायची, "घोडं दौडतंय ते दिसलं. त्याच्या टाचंखाली कोन आलं ते न्हाई छापलं." एकदा कुठल्याशा कारखानदाराचा फोटो आला होता, टेबलावर तीन टेलिफोन.  "मानसाला कान किती गं?" तिनं मला विचारलं.

साबणाच्या वडीवर 'नवीन, सुधारित' असं छापून आलं, तर तिनं दुकानदाराला जाऊन गाठलं. म्हणाली, "म्हंजे गेल्या साली मला बिघडलेला दिला हुता व्हय?" मोठ्या शहरात हिशेब करणारं यंत्र आलंय, ते कधी चुकत नाही, अशी बातमी मी कौतुकानं वाचून दाखवली. तिनं पानाला चुना लावता लावता विचारलं, "अन् चुकलं तर मुस्काटात कुनाच्या मारायची?" पुढं माझी आई राहायला आली, तिनं एकदा हौसेनं शेजारच्यांचा ट्रान्झिस्टर अंगणात आणून लावला. जाहिरातीतली बाई गोड आवाजात गाऊ लागली. ही म्हणाली, "बंद कर गं. खरं सांगायला चाल कशाला लागती?"

मला राग यायचा. खरंच सांगते, राग यायचा! मी कारखान्यात नोकरी करणारी मुलगी, मला यंत्रांचं, कंपन्यांचं अप्रूप. आणि ही रोज सकाळी त्यांची अब्रू अंगणात वाळत घालणार.

ते दुष्काळाचं साल होतं. आई गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मला पहिला पगार झाल्याबरोबर मी तिला नगरला घेऊन आले. तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या, भाकरी थापताना हातात कळ यायची. मी मनाशी ठरवलं होतं, आता काही झालं तरी आईला त्या खडीवर परत पाठवायचं नाही. ते सगळं माझ्या नोकरीवर होतं आणि नोकरी टेंपररी होती.

एक दिवस मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब उमदे होते, सारखे 'कंपनीची प्रतिमा, कंपनीची प्रतिमा' म्हणायचे. म्हणाले, "तुम्ही त्या वळणावरच्या घरात राहता ना? ती भिंत आपल्याला पाहिजे. पूर्वेकडचे सगळे तालुके त्या रस्त्यानं जातात. भिंत मिळाली तर तुमचं पर्मनंटचं मी बघतो."

मी धावतच घरी आले. काकूंच्या पाया पडायचंच बाकी राहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिंत द्यायची म्हंजे सोयरीकच की. बघू. आधी चौकशी करू."

"कसली चौकशी? कंपनी मोठी आहे काकू!"

"मोठं घर म्हनूनच चौकशी. आमच्याकडं पोरगी द्यायची तर पुढच्या दारानं कुनी जात न्हाई. पुढच्या दारात सतरंजी असती. मागच्या दारानं जायाचं, पानी मागायचं, अन् चुलीकडं बघायचं. घरात काय शिजतंय अन् कशावर, ते कळलं की घर कळलं."

आणि खरंच गेली! कारखान्यातल्या कामगारांची चाळ आमच्या घरापासून जवळच. रोज दुपारी डोक्यावर पदर घेऊन ती निघायची, एकेका घराच्या मागच्या दारात बसायची, घोटभर पाणी मागायची. त्या साली पाणी मागणं म्हणजे चेष्टा नव्हती, पण नगरात पाण्याला नाही म्हणत नाहीत. चार-पाच दिवस गेले. मग एका संध्याकाळी तिनं मला बाजेवर बसवलं.

"तुज्या कारखान्यातल्या येकाच्याबी घरात तुमचा स्टोव पेटत न्हाई."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"खोकी माळ्यावर हायती. सुतळीसुद्धा सोडली न्हाई कुनी. त्या फिटरनं बहिणीच्या लग्नात आहेर दिला, त्या बहिणीनं नणंदेच्या लग्नात दिला, तिनं आनखी कुनाला. निसता लग्नालग्नात फिरतोय. टाकीचा जोड झिरपतो म्हनं. येकीकडं दोनदा भडकला. जे करत्यात त्यांना ठावं हाय, म्हनून ते वापरत न्हाईत. अन् ठावं न्हाई त्ये लोक पाथर्डीच्या बाजारातून इकत घेऊन जात्यात."

 वर्षभर मी त्या स्टोव्हची पत्रं टाइप करत होते. 'सुरक्षित, टिकाऊ, गृहिणींचा विश्वास.' ज्याच्यासाठी मी दिवाळीला हिरमुसले होते तो हा स्टोव्ह! शेजारी आई बसली होती. ती हळूच म्हणाली, "आगं बया, बरं झालं पोरी तू टेंपररी हायस."

झालं, भिंत गेली, मी मनाशी म्हटलं. भिंतीबरोबर माझी नोकरीही गेली. पण हिचा स्वभाव असा की तुम्ही डावीकडे बघावं तर ती उजवीकडून यायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुज्या सायबाला बोलाव. भिंत द्यायची हाय मला."

साहेब जीपमधून आले. अंगणातल्या बाजेवर अवघडून बसले आणि सुरू झाले. आमची बाजारात प्रतिमा अशी आहे, तशी आहे.

"बाजारात हाय त्ये कळलं," ती म्हणाली. "भिंत फुकट देते. पैसा नको. वाक्य मात्र माजं."

तिनं वाक्य सांगितलं: आमच्या साहेबांच्या घरचा रोजचा स्वयंपाक याच स्टोव्हवर होतो.

साहेब खूश! फुकट भिंत, आणि वाक्य काय, त्यांनाही सुचलं नसतं असं. गेटबाहेर जीपजवळ मी चाचरत विचारलं, "साहेब, पण..." ते हसले. "अहो, जाहिरातीत असं लिहायचंच असतं. कोण घरी येऊन बघतंय?"

पेंटर आला. शिडीवर चढून त्यानं निळ्या रंगात सुरेख अक्षरं काढली. ही खाली उभी राहून त्याला पिडत होती. ओळीच्या सुरुवातीला वीतभर जागा मोकळी सोड म्हणे. तो म्हणाला, "बाई, डाव्या अंगाला बोडकं दिसंल." "दिसू दे," ती म्हणाली. हट्टच धरला. मी म्हटलं, हिला कुठं काय करावं याचा काही पाचपोच नाही.

रंग वाळला त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकू नवं लुगडं नेसून, हातात नारळ आणि खडीसाखरेची पुडी घेऊन तयार. बरोबर गल्लीतल्या चार बायका. मला म्हणाली, "चल. सोयऱ्यांचं घर बघून येऊ."

"कुठं?"

"तुज्या सायबाकडं. माज्या भिंतीवर त्यांच्या घरचा स्वयंपाक लागलाय. इहीणबाईला भेटायला नको?"

 मी नाही म्हटलं, विनवण्या केल्या, तरी तिनं माझा दंड धरून मला नेलंच. साहेब घरी नव्हते. त्यांच्या बाई दारात आल्या, शांत, गोऱ्या, जरा घाबरट वाटणाऱ्या. नारळ बघून गोंधळल्या, पण आलेल्यांना बसा म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. काकू त्यांच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात. तिच्या मागं आम्ही सगळ्या.

ओट्यावर पितळी स्टोव्ह फरफरत होता. जुना, दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा. आमचा निळा स्टोव्ह कोपऱ्यात, धान्याच्या डब्यामागं, खोक्यात. सुतळी तशीच.

 गल्लीतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. काकूंनी वाकून त्या सुतळीला नुसतं बोट लावलं आणि विचारलं, अगदी मायेनं विचारलं, "ह्यो का न्हाई वापरत, बाई?"

साहेबांच्या बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांनीच सांगितलंय. आपल्या घरात नको म्हणाले. जोड बरोबर नाही."

आपल्या घरात नको!  कामगार बोलतात ते एक वेळ वाऱ्यावरचं म्हणता आलं असतं. पण साहेबांना माहीत होतं! माझ्याकडून रोज 'गृहिणींचा विश्वास' टाइप करून घेणाऱ्या, त्याखाली झोकात सही करणाऱ्या माणसाला माहीत होतं, आणि त्यानं आपल्या बायकोला तेवढं वाचवून ठेवलं होतं.

काकूनं नारळ त्या बाईंच्या ओटीत घातला, चहा घेतला, आणि आम्ही निघालो. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. एस.टी. वळणावर आली की कंडक्टर वाक्य मोठ्यानं वाचायचा आणि गाडीभर हशा पिकायचा. साहेबांनी भिंत पुसायला माणूस पाठवला, तर ही दारात काठी घेऊन बसली. "भिंत माजी, वाक्य तुमच्या मर्जीनं लागलंय. पुसायचं न्हाई. खरं करा." मला साहेबांनी दोनच शब्दांत सांगितलं, "येऊ नका."

त्या दिवशी मी तिला काय वाट्टेल ते बोलले. अंगणात उभी राहून ओरडले. "तुमचं काय गेलं? घर तुमचं, भिंत तुमची! माझी आई परत खडी फोडायला जाईल त्याचं काय? कशासाठी केलंत हे? तुमच्या घरात कुणी जळलं होतं का? लेक? सून? तसं असेल तर तसं सांगा तरी!"

मला खात्रीच होती की असंच काहीतरी असणार. त्याशिवाय माणूस इतका हट्टाला पेटतो का?

ती माझ्याकडे नवल केल्यासारखी बघत राहिली. "कुनी न्हाई गं," ती म्हणाली. "माज्या घरात कुनी जळलं न्हाई. कुनीतरी जळाल्याबिगर इचारायचंच न्हाई, ही रीत कुनी काढली?"

 आई उठली, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "खडी काय, फोडीन की. तू रडू नगंस."

पुढचा धक्का मात्र काकूनं नाही दिला, तो साहेबांच्या बाईंनी दिला. त्या घाबरट दिसणाऱ्या बाईनं पितळी स्टोव्ह उचलून मोलकरणीला देऊन टाकला आणि नवऱ्याला सांगितलं, "भिंतीवर लिहिलंय ना, आपल्या घरचा स्वयंपाक ह्याच स्टोव्हवर होतो? मग ज्याच्यावर मी करू शकेन असा तो आणा. तोपर्यंत स्वयंपाक नाही." साहेब खानावळीत जेवू लागले. माळीवाड्यातल्या खानावळीत, कामगारांच्या पंगतीत! कुणी हसायचं नाही म्हणे, पण सगळे त्यांच्या ताटाकडे बघायचे.

महिना गेला असेल नसेल. टाकीचा जोड बदलला. नुसता बदलला नाही, दुकानदारांना पत्रं गेली की आधीचा माल परत पाठवा, बदलून देतो. आणि ती पत्रं मराठीत टाइप करायला माणूस नव्हतं, म्हणून मला परत बोलावणं आलं. साहेब माझ्या नजरेला नजर देत नव्हते. पण पत्रं त्यांनी स्वतः सांगितली, आणि त्यात 'विश्वास' हा शब्द एकदाही आला नाही. पुढं दिवाळीच्या आधी मी पर्मनंट झाले.

आणि दिवाळीला मला स्टोव्ह मिळाला. निळा, खोक्यातला, सुतळी बांधलेला. मी तो छातीशी धरून घरी आणला. आई दारातच उभी होती, तिला केवढा आनंद!

"आन इकडं," काकू म्हणाली. तिनं खोकं घेतलं, आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि आम्हा दोघींना बाहेर अंगणात जायला सांगितलं. आम्ही बाहेर झालो तशी तिनं आतून कडी लावली.

 मी दार ठोठावू लागले. "काकू, असं काय करता? साहेबांच्या घरी चाललाय की इतके दिवस! काही होत नाही!"

आतून तिचा आवाज आला. "सायबाच्या घरचा निवडून नेला असंल. ह्यो तुज्या वाट्याला आल्याला हाय. दूर हो दारापासून."

मग पंप मारल्याचा आवाज. काडी ओढल्याचा आवाज. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या तळहाताच्या भेगा मला टोचल्या. स्टोव्ह भसकन पेटला, आणि मग एकसारखा फरफरू लागला. बराच वेळ तो तसाच चालू होता. शेळीसुद्धा दाराकडे बघत उभी राहिलेली मला आठवते.

कडी निघाली. "या आत. चहा झालाय."

आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. तिच्या शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली होती. पाऊस त्या सालीही बेताचाच झालेला, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि ही घरातलं सगळं पाणी जवळ घेऊन बसली होती. अंगावर ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. लुगडं भिजलं होतं. पेपर वाचताना जगातल्या कुठल्याही कारखानदाराला न घाबरणारी ती बाई कपात चहा ओतत होती आणि अर्धा चहा बशीत सांडत होता.  मी रडायला लागले तर मलाच रागावली, "रडती काय, निवल की त्यो!"

चहा झाला. तिनं गोणपाट उतरवून वाळत घातलं, बादलीतलं पाणी जपून रांजणात ओतलं. मग कोनाड्यातून गेरूची वाटी आणि कुंचा घेतला आणि रस्त्यावर गेली. मी मागोमाग. स्टूल मागितलं, चढली. ओळीच्या सुरुवातीला तिनं हट्टानं कोरी ठेवलेली ती वीतभर जागा तशीच होती. इतके महिने मी रोज तिच्यावरून येत-जात होते.

तिथं तिनं आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला: आता.

आणि स्टुलावरून उतरून, चार पावलं मागं जाऊन, तिनं सबंध वाक्य मोठ्यानं वाचलं.